कॅमेऱ्याची सॅक घेताना आधी पाठ मोजा

जून उजाडला की लग्नाचे फोटो काढणाऱ्या छायाचित्रकाराचे काम थंडावते. मंडप उतरतात, हॉलच्या तारखा मोकळ्या राहतात. दुकानाचे भाडे व कॅमेऱ्याचा हप्ता मात्र चालूच असतो. पूर्वी या चार महिन्यांत पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रे व लॅमिनेशन यांवर गुजराण होत असे. मोबाईल आल्यापासून त्यातलेही बरेच काम गेले. अशा वेळी या धंद्यातील तरुणांना एक नवी वाट सापडली आहे. सह्याद्रीत डोंगरभटक्यांचे गट नेणारे लोक आपल्यासोबत छायाचित्रकार नेऊ लागले आहेत. कासच्या पठारावर पावसाळा सरता सरता फुले येतात तेव्हा त्यांचे चित्रण हवे असते, आणि उन्हाळ्यात हिमालयात जाणाऱ्या तुकड्यांनाही कॅमेरा सांभाळणारा माणूस लागतो. पैसा लग्नाइतका नाही, पण रिकाम्या महिन्यांत तो मोलाचा असतो.

हा तरुण कॅमेरा व लेन्स घेताना महिना महिना विचार करतो, चार जणांना विचारतो, मुंबईला येऊन बोराबाजारातल्या दुकानांच्या पायऱ्या झिजवतो. सॅक मात्र तो निघण्याच्या आदल्या दिवशी, उरल्यासुरल्या पैशांतून घेतो. दुकानदार कॅमेऱ्याच्या बॅगांची रांग दाखवतो, त्यांतली ज्यात आपला सगळा माल बसतो ती हा उचलतो. दोन-अडीच लाखांचे भांडवल आणि स्वतःची पाठ या दोन्ही गोष्टी ज्या पिशवीच्या भरवशावर डोंगरात न्यावयाच्या, तिची निवड अर्ध्या तासात उरकते. आमचे म्हणणे असे की लांबच्या पायपिटीसाठी सॅक प्रथम पाठीच्या मापाने घ्यावी. कॅमेऱ्याची सोय तिच्या आत मागाहून करता येते, आणि तीही पुष्कळ स्वस्तात. पाठीची सोय मागाहून करता येत नाही.

आधी वजनाचा हिशेब

कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा, कॅमेरा कॅननचा फाइव्ह-डी मार्क फोर आहे. बॅटरी व कार्डासह तो ८९० ग्रॅम भरतो. लग्नाच्या कामात सर्रास वापरली जाणारी २४-७० एफ २.८ ही लेन्स तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ८०५ ग्रॅमची आहे आणि ७०-२०० एफ २.८ ची दुसरी आवृत्ती १,४९० ग्रॅमची. म्हणजे एक कॅमेरा व दोन लेन्स यांतच जवळजवळ ३ किलो २०० ग्रॅम झाले. त्यात दीड किलोचा ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या, चार्जर, फिल्टर, पुसण्याचे कापड अशी पाऊण किलोची किरकोळ धरा. कॅमेरा ठेवण्याची फोमची पेटी अर्धा-पाऊण किलो. रिकामी सॅक दोन किलो. पाणी दोन लिटर. झोपण्याची पिशवी व चटई पावणेदोन किलो, कपडे व रेनकोट दोन किलो, शिधा, टॉर्च व औषधे दीड किलो. बेरीज सव्वापंधरा किलोच्या आसपास जाते, आणि अजून कोणी आपल्या हातात सामाईक भांडे दिलेले नाही.

मुक्कामी भटकंतीत पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे, असा जाणकारांचा साधारण आडाखा आहे. पासष्ट किलोच्या माणसाला तेरा किलो झाले. म्हणजे सव्वादोन किलो जास्त आहे, आणि ते सॅकमधून कमी होणार नाही. मालातूनच काढावे लागेल. याच ७०-२०० ची एफ ४ ची लेन्स निम्म्या वजनात मिळते. उघड्या डोंगरात भर दिवसा एफ २.८ चे काम क्वचितच पडते. ती लग्नाच्या हॉलमधल्या अंधारासाठी ठीक. स्वतःची नसेल तर चार दिवसांसाठी भाड्याने घ्यावी. आमच्या पाहण्यातील बरेच जण इथेच अडतात. मोठी लेन्स घरी ठेवणे त्यांना कमीपणाचे वाटते. पण हरिश्चंद्रगडाच्या चढणीवर धाप लागलेला माणूस कोणत्याही लेन्सने चांगला फोटो काढू शकत नाही.

हिशेबाचा दुसरा भाग जागेवर अवलंबून आहे. हिमालयात ठरलेल्या वाटांवर, जसे लडाखच्या मारखा खोऱ्यात, तंबू व शिधा खेचर किंवा घोडे वाहतात. तिथे छायाचित्रकाराच्या पाठीवर फक्त कॅमेरा, पाणी, एक गरम कपडा व रेनकोट असतो. त्याला पंचवीस-तीस लिटरची खास कॅमेऱ्याची सॅक चालते, किंबहुना तीच सोयीची. (कॅमेरा मात्र खेचरावर कधीही चढवू नये. ते जनावर खडकाला घासून चालते आणि ओढ्यात बसतेही.) सह्याद्रीत अशी सोय नसते. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून जीप किंवा एस.टी. आणि पुढे सगळे स्वतःच्या पाठीवर. दोन मुक्कामांची भटकंती असेल तर पंचेचाळीस ते पंचावन्न लिटरची सॅक लागते, आणि इतक्या मापाची केवळ कॅमेऱ्यासाठी बनवलेली सॅक घेणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणे होय.

एकाच घराण्यातल्या दोन पिशव्या

हे असे का, याचे उत्तर या धंद्याच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील ग्रेग लो हा स्वतः गिर्यारोहक. पूर्वीच्या मोठ्या सॅकना बाहेरून धातूची चौकट असे, जी कड्यावर अडकत असे. लोने १९६७ च्या सुमारास ती चौकट सॅकच्या आत, पाठीलगत नेली. आजच्या बहुतेक सर्व ट्रेकिंग सॅक याच कल्पनेवर उभ्या आहेत. त्याच माणसाने १९७२ मध्ये कॅमेऱ्यासाठी मऊ, आतून गादी लावलेली पिशवी तयार केली. तोवर कॅमेरे चामड्याच्या किंवा कडक पेटीतून नेले जात. याच कामातून 'लोप्रो' हे नाव जगभर पसरले. २०१७ साली ते इंग्लंडच्या व्हायटेक समूहाने विकत घेतले.

म्हणजे ओझे वाहणारी सॅक आणि कॅमेरा सांभाळणारी पिशवी या एकाच हातून निघालेल्या. पुढे मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. कॅमेऱ्याची बॅग शहरातल्या छायाचित्रकाराची झाली, मोटारीच्या डिकीतून हॉलपर्यंत जाणारी. तिच्यात कप्पे वाढले, गादी जाड झाली, लॅपटॉपची जागा आली. कंबरेचा पट्टा मात्र बारीक होत होत एक नुसती फीत उरला. दुकानात आपल्या तरुणाच्या हाती जी बॅग पडते ती बहुधा ही. ती वाईट नसते, ती वेगळ्या कामासाठी असते.

अलीकडे एफ-स्टॉप, शिमोडा यांसारख्या कंपन्यांनी दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या आहेत. बाहेरून खरी ट्रेकिंग सॅक, आत काढता-घालता येणारी फोमची पेटी, अशी त्यांची रचना. माल उत्तम आहे. पण आपल्याकडे येईपर्यंत त्याची किंमत अशी होते की तेवढ्यात एखादी जुनी लेन्स येईल. म्हणून आम्ही तीच कल्पना स्वस्तात कशी साधेल ते सांगतो आहोत: चांगली ट्रेकिंग सॅक वेगळी घ्यावी आणि आतली पेटी वेगळी करून घ्यावी.

पाठीचे माप कसे घ्यावे

मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक हाड ठळकपणे वर येते. दुसऱ्याला तिथे शिंप्याच्या टेपचे टोक धरावयास सांगावे. मग आपले दोन्ही हात कंबरेवर असे ठेवावेत की पंजा कुल्ह्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकेल आणि अंगठे मागे वळतील. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीचे माप. माणसाची उंची आणि हे माप यांचा मेळ असतोच असे नाही. सहा फुटांच्या माणसाची पाठ आखूड व पाय लांब असू शकतात. म्हणूनच 'तुमच्या उंचीला ही बसेल' असे म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नये. चांगल्या सॅकवर हे माप लिहिलेले असते, किंवा पाठीमागे खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवण्याची सोय असते. भाऊ-भाऊ आळीपाळीने एकच सॅक वापरणार असतील, जे आपल्या घरांतून नेहमी घडते, तर सरकत्या पट्ट्यांचीच घ्यावी.

कंबरपट्टा हा सॅकचा खरा आधार. ओझ्याचा मोठा वाटा कुल्ह्याच्या हाडांवर आला पाहिजे. खांद्यांनी फक्त सॅक मागे पडू न देण्याचे काम करावयाचे. पट्टा पोटावर किंवा मांडीवर बसत असेल तर सॅकचे माप चुकलेले आहे. पट्ट्यातला फोम दोन बोटांत दाबून पाहावा. तो पावासारखा दबून बसला तर दोन तासांच्या चालीत तो नसल्यासारखाच होईल. फोम दाबाला विरोध करणारा हवा. खांद्याच्या पट्ट्यांच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या दोन लहान फिती असतात. त्या ओढल्या की ओझे पाठीजवळ येते. शहरी बॅगांना त्या नसतात किंवा नुसत्या शोभेला असतात. छातीवरची फीतही तपासावी, पण ती तुटली तर दोरीनेही भागते. कंबरपट्ट्याचे तसे नाही.

स्त्रियांसाठी वेगळ्या मापाच्या सॅक येतात. त्यांत पाठ आखूड, खांद्याचे पट्टे जवळ व वळणदार आणि कंबरपट्ट्याचा कोन निराळा असतो. मुली आता या कामात येत आहेत. त्यांना भावाची जुनी सॅक देऊन रवाना करणे योग्य नव्हे.

दुकानात सॅक रिकामी पाठीवर घेऊन आरशात पाहण्यात काही अर्थ नाही. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. आपला कॅमेरा, लेन्स आणि पाण्याच्या भरलेल्या चार-पाच बाटल्या घेऊन जावे, दहा किलो भरावेत, आधी कंबरपट्टा, मग खांदे, मग माथ्याच्या फिती अशा क्रमाने आवळावे आणि वीस मिनिटे दुकानात व जिन्यावर चालावे. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्यावा. चांगला दुकानदार होत नाही. घरी मागवली असेल तर परतीची मुदत पाहून हाच प्रयोग घरच्या जिन्यावर करावा, लेबल न काढता.

पाणी कुठून शिरते

आता पावसाची गोष्ट, कारण आपल्याकडे भटकंतीचा व बेकारीचा हंगाम एकच. तालुक्याच्या गावचा एक छायाचित्रकार आम्हाला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये तो तीन दिवस डोंगरात होता. सॅकला पावसाचे कव्हर होते, कॅमेरा कोरडा दिसत होता, म्हणून घरी येऊन त्याने बॅग तशीच कपाटात ठेवली. हंगामाच्या पहिल्या लग्नात नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर धुरकट पडदा आला. लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरली होती. बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ करून घेतली तरी डाग उरू शकतो आणि ती लेन्स विकावयास काढली की निम्मी किंमतही येत नाही.

ही बुरशी पाण्याने नव्हे, कोंडलेल्या दमट हवेने येते. कव्हर ही केवळ वरून पडणाऱ्या पावसाची सोय आहे. पाठ व सॅक यांच्या मधून जे पाणी व घाम उतरतो तो कव्हरच्या आतच जातो आणि तळाशी साचतो. फोमची पेटी तळाशी असेल तर ती त्या तळ्यात बसते. कव्हरच्या तळाला एक लहान भोक नसेल तर पाडून, कडा शिवून घ्यावे. वाऱ्यात कव्हर उडूही शकते, म्हणून त्याला सॅकला बांधणारी फीत हवी.

खरी राखण आतून होते. जाड प्लॅस्टिकची किंवा रबरी लेपाच्या कापडाची, तोंड तीनदा गुंडाळून बंद करण्याची पिशवी मिळते. फोमची पेटी तिच्यात आणि ती सॅकमध्ये. ही पिशवी काही शेकड्यांत येते आणि एवढ्या स्वस्तात कॅमेरा वाचवणारी दुसरी वस्तू आम्हाला माहीत नाही. तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून त्या पुन्हा वापरता येतात. पुडी कापडी असेल तर दाणे बाहेर काढून परतावेत, आणि तो तवा पोळ्यांचा नसावा.

'वॉटरप्रूफ चेन' या शब्दालाही फसू नये. चेनवर एक पातळ लेप असतो. तो पाणी काही वेळ थोपवतो, पण रनर जिथे थांबतो तिथे फट राहतेच आणि वापराने लेप निघतो. शिवणीच्या भोकांतून तर पाणी येणारच. तेव्हा बाहेरची सॅक भिजणार हे धरूनच आतली व्यवस्था करावी.

थंड प्रदेशात उलटी अडचण येते. उघड्यावर गारठलेला कॅमेरा उबदार तंबूत आणला की त्यावर दव धरते. अशा वेळी बाहेर असतानाच तो पिशवीत बंद करावा, मग आत आणावा आणि तास-दोन तास उघडू नये. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात. त्यांची जागा सॅकमध्ये नसून अंगावरच्या आतल्या खिशात आहे.

तोंड कुठे असावे

काही सॅकचे तोंड वर असते, काहींना पुढून पूर्ण उघडणारी चेन असते, काहींना पाठीच्या बाजूने. कॅमेरा नेणाऱ्यास पाठीच्या बाजूचे तोंड सर्वांत चांगले. सॅक चिखलात पालथी टाकली तरी पाठीचे पट्टे स्वच्छ राहतात. आणि स्टेशनच्या गर्दीत मागच्या माणसाला चेन उघडता येत नाही. फक्त वरून उघडणारी सॅक हलकी व मजबूत असते, पण कॅमेरा काढावयास वरचे सगळे सामान उपसावे लागते. मग माणूस कंटाळतो आणि कॅमेरा काढतच नाही. त्याला तोड म्हणून कॅमेरा व एक लेन्स छातीवरच्या लहान पिशवीत ठेवणारे पुष्कळ आहेत. सपाट वाटेवर हे उत्तम. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर मात्र छातीवरच्या पिशवीमुळे पायरी दिसत नाही. तिथे ती आत जावयास हवी.

फोमची पेटी सॅकमध्ये तळाशी न ठेवता झोपण्याच्या पिशवीच्या वर, पाठीला लागून ठेवावी. जड वस्तू पाठीपासून जितकी दूर तितकी ती माणसाला मागे ओढते. ट्रायपॉड बाजूच्या खिशात उभा बांधावा. पुढे मधोमध बांधला की तो मागे ओढ लावतो.

वेल्क्रोविषयी एक गोष्ट. पाणथळीवर पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याने बाहेरच्या झाकणाला वेल्क्रो असलेली बॅग घेऊ नये. तो फर्र आवाज झाला की पक्षी उडालेच.

कापड, चेन आणि कारागीर

बॅगेच्या चिठ्ठीवर '५०० डी', '१०००डी' असे आकडे असतात. डी म्हणजे डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, कापड जड. बाजारातल्या स्वस्त बॅगा बहुधा ६०० डेनियरच्या पॉलिएस्टरच्या असतात. नायलॉन हे घासण्याला अधिक टिकते. तेव्हा ४२० किंवा ५०० डेनियरचे नायलॉन डोंगरासाठी पुरे होते. १००० ची सॅक दणकट खरी, पण तिचे वजनही आपल्यालाच वाहावे लागते. कापडाच्या आतल्या बाजूस पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवेत हा लेप वर्षांनी विरघळू लागतो, चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो व शेवटी त्याची पूड गळते. ती पूड लेन्ससाठी वाईट. म्हणून सेलमधली, गोदामात पडून राहिलेली सॅक घेताना आत हात फिरवावा आणि नाक घालून वास घ्यावा. लाजू नये.

चेन जाड दाताची घ्यावी, बारीक नको. बॅग फेकून द्यावी लागते ती बहुतेक वेळा कापडामुळे नव्हे, तर चेन व पट्ट्याच्या शिवणीमुळे. खांद्याचा पट्टा सॅकला जिथे जोडला आहे तिथली शिवण पाहावी. एकच सरळ रेघ असेल तर सॅक ठेवून द्यावी. तिथे चौकोनात फुली मारलेली किंवा एकाच जागी घट्ट मागे-पुढे मारलेली शिवण हवी, आणि पट्टी कापडाच्या आत चांगली खोल गेलेली हवी.

इथे आम्हाला आपल्या कारखानदारांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. मुंबईत मदनपुरा व धारावी येथे बॅगांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. शाळेची दप्तरे, प्रवासी बॅगा, कंपन्यांच्या भेटवस्तू असा माल तिथे हजारोंनी निघतो. त्या कारागिरांच्या हातात कसब आहे, पण नफा नगावर काही रुपयांचा. फोमची आतली पेटी ही वस्तू या कारखान्यांना सहज जमण्यासारखी आहे. दहा-बारा मिलिमीटरचा घट्ट फोम, बाहेर हलके नायलॉन, आत वेल्क्रो चिकटेल असे लव असलेले कापड, सरकते पडदे व वर चेनचे झाकण. यात असे काहीच नाही जे दप्तर शिवणाऱ्याला येत नाही. नामांकित कंपन्या याच पेटीचे काही हजार रुपये घेतात. प्रत्येक सॅकचे माप वेगळे, प्रत्येकाचा कॅमेरा वेगळा, म्हणून तयार माल पुष्कळांना बसत नाही. मापाने करून देणाऱ्याला इथे जागा आहे. कॅमेऱ्याच्या दुकानांशी संधान बांधावे, नमुना ठेवावा, आठ दिवसांत माल द्यावा.

मात्र खांद्याचे पट्टे व कंबरपट्टा यांची संपूर्ण सॅक करावयास या घटकेला कोणी धावू नये, असे आमचे मत आहे. तिच्यामागे मापांचे शास्त्र आहे आणि नमुना उसवून नक्कल केल्याने ते हाती येत नाही. बाजारात नकली नावाच्या सॅक आहेतच. चेनच्या रनरवर 'वायकेके' कोरले म्हणजे ती त्या जपानी कंपनीची झाली असे नाही. दुरुस्तीचा धंदा मात्र जरूर करावा. रनर बदलणे, पट्टी पुन्हा खोल शिवणे, तुटलेले बकल घालणे यासाठी चांगल्या सॅकवाले लोक पैसे द्यावयास तयार असतात, त्यांना माणूस सापडत नाही.

पैसे, पावती, विमान

वीस हजारांचा अंदाज असेल तर आम्ही असे वाटून घेऊ: मोठा भाग सॅकवर, त्यातही पाठीच्या रचनेवर, लहान भाग मापाने केलेल्या पेटीवर, काही शेकडे कोरड्या पिशवीवर, आणि उरलेले प्रवासखर्चाला ठेवू. दहा हजारच असतील तरी क्रम हाच. साध्या पण मापाला बसणाऱ्या सॅकमध्ये मापाची पेटी घालून काम चालते. पंधरा हजारांची शहरी कॅमेरा बॅग घेऊन ते चालत नाही.

पावती घ्यावी. प्रवासी बॅगा, सॅक व कॅमेऱ्याच्या पेट्या यांवर जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा दर २८ टक्के होता; नोव्हेंबर २०१७ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. ज्या छायाचित्रकाराची जीएसटी नोंदणी आहे त्याला धंद्यासाठी घेतलेल्या सॅकवरील कर आपल्या करातून वळता करून घेता येतो. बिनपावतीची सॅक स्वस्त वाटते, पण तो वळता होणारा पैसा व हमी दोन्ही जातात. कॅमेरा व लेन्सचे क्रमांक एका कागदावर लिहून घरी ठेवावेत. चोरी झाली तर पोलीस प्रथम तेच विचारतात.

विमानाने जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की देशातील विमानांत साध्या तिकिटावर हातातले सामान साधारणतः ७ किलोपर्यंतच नेता येते. जादा लिथियम बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, त्या हातातच न्याव्या लागतात. मोठी सॅक तर सामानातच जाणार. अशा वेळी आतली पेटी बाहेर काढून एखाद्या हलक्या पिशवीत हातात घेता येते, सॅक कपड्यांसह खाली जाते. वेगळ्या पेटीचा हा फायदा दुकानदार सांगत नाही. सामानात टाकताना सॅकचे सगळे पट्टे आवळून, तिच्यावर जुने पोते किंवा कव्हर शिवून घालावे. सामानाच्या पट्ट्यावर बकल अडकून तुटते ते इथेच. रेल्वेत ही सॅक उशाशी घ्यावी आणि साखळीने बर्थला बांधावी.

घरी परतल्यावर आधी सॅक रिकामी करावी, जेवण मागाहून. पेटीतले पडदे काढून पंख्याखाली ठेवावेत. कॅमेरा व लेन्स रात्रभर मोकळ्या हवेत ठेवून मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. त्या डब्यात दहा-बारा तासांनी आर्द्रतामापकाचा काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये असावा. हा लहान मापक फारसा महाग नसतो. सॅक कोमट पाण्याने, साबण न लावता धुवावी, उलटी करून सावलीत टांगावी. उन्हात घातली तर आतला लेप लवकर जातो. पूर्ण वाळावयास पावसाळ्यात तीन दिवस लागतात, आणि पुढच्या गटाचा फोन त्या आधी आला तरी पेटी ओल्या सॅकमध्ये घालू नये.